गोवा ते लिस्बन : आईला किती तास सांगू?

वाळवंटीकाठचा
सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार.

धाकटी बहीण लिस्बनला असते. जूनमध्ये तिचं बाळंतपण आहे आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात आई एकटीच जाणार आहे. आईचं वय ६४. रोज सकाळी सात वाजता रक्तदाबाची गोळी. आजवरचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे रेल्वेने काशी. परवा जेवताना तिने विचारलं, "लिस्बन कितलें पयस रे? किती तास लागतात?"

साधा प्रश्न वाटला म्हणून मोबाइल काढला आणि फसलो. एका साइटवर अंतर ४,५०५. दुसरीवर ५,१८५. तिसरीवर ८,३४४. वेळेचा तर त्याहून घोळ. एक साइट म्हणते पावणेदहा तास. एजंटाने पाठवलेल्या वेळापत्रकात मोपा विमानतळाहून पहाटे ४:३० ला निघून त्याच दिवशी दुपारी २:३० ला लिस्बन, म्हणजे दहा तास. त्यात दोह्याला अडीच तास थांबायचंय! एजंट स्वतः म्हणतो साडेचौदा धरा. बहीण म्हणते, "दादा, एक अख्खा दिवस जातो, तसंच सांग तिला."

आईला एकच आकडा हवा आहे. मी कुठला देऊ?

---

तारवटी
सोमवार, रात्री १०:०५

अंतराचे तिन्ही आकडे बरोबर आहेत. ८,३४४ हे किलोमीटर, ५,१८५ हे जमिनीवरचे मैल आणि ४,५०५ हे सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. जहाजावर तोच, विमानाच्या कॉकपिटातही तोच, कारण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल. चार्टवर मोजायला सोपं जातं. साइटवाल्यांनी आकड्यापुढे एकक लिहायचे कष्ट घेतले नाहीत, एवढंच. आम्ही लॉगबुकात असं लिहिलं असतं तर चीफने सगळ्यांदेखत पूजा बांधली असती.

अवांतर: मुंबईहून सुएझमार्गे लिस्बनला मालवाहू जहाज १४ नॉट्सने (म्हणजे ताशी १४ सागरी मैलांनी) गेलं तर पंधरा-सोळा दिवस लागतात, तेही कालव्याच्या तोंडाशी रांग नसेल तर. आईंना हे आधी सांगा, मग विमानाचे तास सांगा. एकदम कमी वाटतील.

---

वाळवंटीकाठचा
सोमवार, रात्री १०:१२

देव बरें करूं, तारवटी! मी मगाशी या तिन्हींची सरासरी काढायच्या बेतात होतो.

---

खडूस_मामा
सोमवार, रात्री १०:३०

सरासरी! साखळी गावातली शाळा कुठची रे तुझी?

---

ध्रुवतारा
मंगळवार, सकाळी ७:१५

३१ वर्षं फोंड्यात भूगोल शिकवला आहे, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं मला शक्य नाही. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

८,३४४ किमी हे दाबोळी विमानतळ ते लिस्बन विमानतळ असं पृथ्वीच्या गोलावरून काढलेलं सगळ्यात जवळचं अंतर आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून या दोन शहरांमध्ये रेघ मारलीत, तर ती अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया अशी जाईल. पण ती जवळची वाट नव्हे. नकाशा सपाट, पृथ्वी गोल.

वर्गात मी याचा एक प्रयोग करायचो. पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवायचा आणि एखाद्या मुलीच्या वेणीतला अबोलीचा वळेसर मागून घ्यायचा. फुलं काढली की हातात दोरा उरतो. त्याचं एक टोक गोव्यावर अंगठ्याने दाबायचं, दुसरं लिस्बनवर, आणि दोरा ताणायचा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. तुम्ही त्याला इजिप्तवर धरून ठेवायला गेलात तर तो सैल पडतो, म्हणजे ती वाट लांबची. ताणल्यावर तो होर्मुझची सामुद्रधुनी, इराक, सीरिया, सायप्रस, ग्रीसची बेटं, सार्डिनिया, स्पेन असा बसतो. बरोबर मध्यावर बोट ठेवलंत तर ते सीरियात पाल्मिराच्या आसपास पडतं. सपाट नकाशावरच्या रेघेचा मध्य मात्र इजिप्तमध्ये येतो. एकाच प्रवासाचे दोन मध्य, त्यांच्यात काहीशे किलोमीटरचा फरक.

(फुलं काढून घेतल्याबद्दल एका पालकांनी येऊन मला सुनावलं होतं. तेव्हापासून स्वतःचा दोरा नेऊ लागलो.)

आता गंमत अशी की थेट विमान नाही म्हणून आपण हळहळतो, पण आखातातले थांबे जवळजवळ त्या दोऱ्यावरच आहेत. गोवा-दोहा साधारण २,५६० किमी आणि दोहा-लिस्बन ५,८१० किमी. बेरीज करा: थेट अंतरापेक्षा जेमतेम तीसेक किलोमीटर जास्त. दुबईमार्गे तर दहाएक किलोमीटरच. मुंबई आणि इस्तंबूल करत गेलात तरी सव्वाशे-दीडशेच्या वर जात नाही. याउलट दिल्ली आणि लंडनमार्गे जाल तर ९,८०० च्या घरात पोचता, म्हणजे चौदाशे किलोमीटरचा वळसा. तेव्हा आईंना खुशाल सांगा, दोहा वाटेवरच लागतं. आपण म्हापशाला जाताना अस्नोड्याला चहाला थांबतो, तसं.

---

अबोली
मंगळवार, सकाळी ८:०२

सर, वळेसर आमच्या नावाचा आणि फुलं काढून फेकली म्हणून वर सांगता? निषेध!

बाकी प्रतिसाद वाचनखुणांत ठेवला.

---

मोप_बघितलंय
मंगळवार, सकाळी ९:२०

ध्रुवतारा सर, हे अंतर दाबोळीहून झालं. या ताई मोपाहून निघणार आहेत. फरक पडेल ना?

---

ध्रुवतारा
मंगळवार, सकाळी ९:४१

पडेल. मोपा दाबोळीच्या उत्तरेला आहे, त्यामुळे लिस्बन तिथून विसेक किलोमीटर जवळ.

---

काणकोणकार
मंगळवार, सकाळी ९:५०

हाहा! आमच्या काणकोणाहून मोपाला टॅक्सीने शंभराहून जास्त किलोमीटर आहे. ते वीस किलोमीटर लिस्बनला वाचले आणि पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये व्याजासकट परत गेले.

---

अबोली
मंगळवार, सकाळी १०:१५

आता वेळेबद्दल. मी दरवर्षी लंडनला मुलाकडे जाते, त्यामुळे हे गणित अंगवळणी पडलंय.

एजंटाच्या कागदावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. मेमध्ये लिस्बन आपल्या साडेचार तास मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात, त्यामुळे हिवाळ्यात हाच फरक साडेपाच तासांचा होतो. दोहा वर्षभर आपल्या अडीच तास मागे.

तुमचंच वेळापत्रक घ्या. मोपाहून ४:३०. चार तासांनी दोहा, तेव्हा आपल्याकडे साडेआठ, तिथे सकाळचे सहा. अडीच तास थांबून तिथल्या साडेआठला पुढचं विमान. आठ तासांनी लिस्बन. तिथे दुपारचे २:३०, आणि साखळीला तुमच्या घरी संध्याकाळचे सात, म्हणजे दिवाबत्तीची वेळ. चार, अडीच आणि आठ मिळून साडेचौदा. एजंट खरं बोलतोय. घड्याळ दहा दाखवतं, कारण साडेचार तास वाटेत गिळले गेले.

परतताना उलटा प्रकार होतो. समजा, लिस्बनहून दुपारी ३:३० ला निघाल्या, सात तास दोह्यापर्यंत, दोन तास थांबा, साडेतीन तास मोपापर्यंत. उतरल्यावर इथे सकाळचे ८:३०. घड्याळाच्या हिशोबाने सतरा तास, प्रत्यक्षात साडेबाराच. माझ्या सासूबाई पहिल्यांदा परत आल्या तेव्हा "जाताना लवकर पोचले, येताना विमान रखडलं" असं महिनाभर सांगत होत्या. खरं तर नेमकं उलटं झालं होतं.

---

खडूस_मामा
मंगळवार, सकाळी १०:४०

येताना विमान लवकर का पोचतं? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. म्हणजे जाताना लिस्बनच आपल्याकडे यायला हवं की नको? मग जाताना वेळ कमी लागायला हवा. काहीतरी लोचा आहे.

---

ध्रुवतारा
मंगळवार, सकाळी ११:२०

मामा, हा प्रश्न मला दरवर्षी आठवीत विचारला जायचा, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे. पृथ्वी फिरते तशी तिच्याबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या कदंब बसमध्ये तुम्ही ड्रायव्हरकडून मागच्या सीटकडे चालत गेलात म्हणून मागची सीट तुमच्याकडे धावत येत नाही.

खरं कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरकस वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यातला एक पट्टा आखात आणि उत्तर भारत यांच्यावरून जातो, तेव्हा ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हे काही विशेष नाही. हवेच्या हिशोबात मोठ्या विमानाचा वेग धरा ताशी ९००. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. सात-आठ तासांच्या टप्प्यात पाऊण-एक तासाचा फरक इथेच पडतो.

२०२० च्या फेब्रुवारीत सियारा नावाच्या वादळाने हा वारा इतका पेटला होता की न्यूयॉर्कहून निघालेलं एक जंबो ४ तास ५६ मिनिटांत लंडनला टेकलं.

या वाऱ्यांचा अभ्यास पहिल्यांदा नीट केला तो वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने, १९२० च्या दशकात. फुगे सोडून तो उंचावरचे वारे मोजत असे. जगाने वाचावं म्हणून त्याने अहवाल एस्पेरांतो या भाषेत छापले आणि नेमके त्यामुळेच ते फारसे कुणी वाचले नाहीत. मराठीत लिहिणाऱ्यांनी यावरून वाईट वाटून घेऊ नये.

---

तेरेखोलपलीकडे
मंगळवार, दुपारी १२:०५

शेवटच्या ओळीला दंडवत, सर.

वाऱ्यावरून आठवलं. माझा भाचा सॅन फ्रान्सिस्कोला असतो. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. २०१६ च्या ऑक्टोबरात त्यांनी ते पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,३०० झालं, पण पाठीवर वारा मिळाल्याने वेळ जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. म्हणजे वाट लांबली आणि विमान लवकर पोचलं. तेव्हा नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका.

---

वाळवंटीकाठचा
मंगळवार, दुपारी १:१०

हे भारी आहे. आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सावंतवाडीहून येताना बांद्याला न शिरता बायपासने आलो तसं." बरोबर आहे का माहीत नाही, पण तिचं समाधान झालं.

एक राहिलंच. साइटवर पावणेदहा तास कसे?

---

तारवटी
मंगळवार, दुपारी १:३०

८,३४४ भागिले ९०० करा. सव्वानऊ तास. त्यात चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवला. म्हणजे जे विमान अस्तित्वातच नाही त्याची वेळ तुम्हाला कॉम्प्युटरने काढून दिली आहे. अशा साइट दोन बिंदू घेतात, भागाकार करतात आणि आकडा चिकटवतात. तिथे धावपट्टी आहे की तळं, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

शिवाय तिकिटावरचे ‘आठ तास’ हे सगळे हवेतले नव्हेत. विमान दारापासून हलतं तिथपासून दुसऱ्या दाराला लागेपर्यंतची ती वेळ. धावपट्टीकडे जाणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात आलं. कंपन्या त्यात थोडी उसंतही धरून ठेवतात. म्हणून कधीकधी अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोचतं आणि लोक वैमानिकाला टाळ्या देतात.

---

मोप_बघितलंय
मंगळवार, दुपारी २:४५

आणि दोऱ्यावरची वाट विमान घेतंच असं नाही. सर म्हणतात तो मध्य सीरियात आहे. यादवी सुरू झाल्यापासून कित्येक वर्षं बहुतेक कंपन्यांनी सीरियाचं आकाश टाळलं. कुणी इराकवरून तुर्कस्तानात चढतं, कुणी सौदी आणि इजिप्तवरून वळून जातं. म्हणजे सरांनी खोडून काढलेली ती भिंतीवरची रेघ काही विमानं खरोखरच घेतात!

२०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर भारतीय कंपन्यांना ते पुन्हा बंद झालं. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना त्याचा मोठा फटका बसतो. गोव्याहून आखातात जाताना आपण सरळ अरबी समुद्र पकडतो, आपल्याला फरक कमी. पण आखाताचंही काही सांगता येत नाही. २३ जून २०२५ ला कतारने काही तास आपलं आकाश बंद केलं, तेव्हा कितीतरी विमानं अर्ध्या वाटेतून वळली. आईंचं सगळं तिकीट एकाच पीएनआरवर घ्या. असं काही झालं की पुढची सोय बघणं कंपनीच्या गळ्यात पडतं. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडली तरी घेऊ नका.

---

जुनोजाणतो
मंगळवार, दुपारी ४:१०

थेट विमान नाही म्हणता, पण पोर्तुगिजांच्या काळात आपल्याकडून लिस्बनची सेवा होती.

भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा १९५५ च्या सुमारास दाबोळीचा विमानतळ उभा राहिला आणि ‘ताइप’ ही इथली विमान कंपनी निघाली. पूर्ण नाव ‘ट्रान्स्पोर्तिश आयेरियुश द इंडिया पोर्तुगेझा’, चूकभूल द्यावी घ्यावी. दीव-दमण आणि कराची हे तिचे नेहमीचे मुक्काम. मुंबई बंद, म्हणून बाहेर पडायचं दार म्हणजे कराची. पुढे लिस्बनपर्यंत पल्ला गेला, तोही टप्प्याटप्प्याने, पंख्याच्या विमानांतून.

डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या हवाई दलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. तरी त्या रात्री तिथे अडकलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं उरलेल्या तुकड्यावरून अंधारात उडाली आणि कराचीला पोचली. माझे वडील तेव्हा वास्कोला असायचे. ते सांगायचे, आधी स्फोटांनी घराची कौलं हलली, आणि मग मध्यरात्री इंजिनांचा आवाज ऐकून सगळे पुन्हा पलंगाखाली.

आणि त्याआधीचं माप हवं असेल तर वास्को द गामा. ८ जुलै १४९७ ला लिस्बन सोडलं, २० मे १४९८ ला कालिकतजवळ पोचला. दहा महिन्यांहून जास्त. लेओव्हर पुष्कळ होते.

---

खडूस_मामा
मंगळवार, दुपारी ४:२५

आणि त्याला परत पाठवायला पुढे साडेचारशे वर्षं लागली. हा खरा परतीचा प्रवास.

---

संपादक
मंगळवार, दुपारी ४:४०

या धाग्याचं काश्मीर होऊ देऊ नका. १९६१ वर वेगळा धागा आहे, तिकडे जा. इथे विमान, अंतर, वेळ.

---

सोलकढी
मंगळवार, संध्याकाळी ६:५५

मी सहा वर्षं लिस्बनला राहते. मूळची डिचोलीची. कामावरून येताना मेट्रोत धागा वाचला, म्हणून माझे दोन पैसे.

तुम्ही सगळे विमानतळ ते विमानतळ मोजताय. आईंना विचारायचंय ते घर ते घर. मी तसंच मोजते. साखळीहून मोपाला तास-सव्वातास. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोचायचं. म्हणजे घरातून मध्यरात्री सव्वाबाराला निघायचं. चार तास इथेच गेले. मग साडेचौदा. मग लिस्बनला इमिग्रेशनची रांग. ही रांग कधी वीस मिनिटं, कधी दीड तास. सामान मिळाल्यावर मात्र सुख आहे: विमानतळ शहरातच आहे आणि मेट्रोची लाल लाइन थेट विमानतळाखालून सुटते. तुमच्या बहिणीचं घर शहरात असेल तर अर्ध्या-पाऊण तासात दारात. सगळं मिळून वीस-एकवीस तास.

पण त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा मधल्या अडीच तासांचा. तो कमी वाटतो. पहिल्या वर्षी माझ्या आई-बाबांसाठी मी सगळ्यात कमी एकूण वेळेचं तिकीट शोधलं, मधला थांबा सत्तर मिनिटांचा. साइटवर ते पहिल्या क्रमांकावर होतं, हिरव्या अक्षरांत. गोव्यालाच विमान पाऊण तास उशिरा सुटलं. उतरल्यावर बाबा गुडघा धरून चालतायत, आई पुढे धावतेय, पुन्हा सिक्युरिटी, तिथे आईची पर्स उघडून सगळ्या गोळ्या टेबलावर. गेट बंद झालं त्यांच्या डोळ्यांदेखत. काचेपलीकडे विमान उभं होतं, बाबा म्हणतात खिडकीतली माणसंसुद्धा दिसत होती. पुढचं विमान चौदा तासांनी. कंपनीने जेवणाचं कुपन दिलं, पण ते कुठे चालवायचं हे सांगायला कुणी नव्हतं. बाबांनी ते अजून पाकिटात ठेवलंय.

तेव्हापासून मी ज्येष्ठांसाठी साडेतीन-चार तासांचा थांबा शोधते. एकूण आकडा फुगतो, पण माणूस शांतपणे पोचतो. आणि बुकिंग करतानाच व्हीलचेअर मागा, किमान दोन दिवस आधी तरी. चालता येत असलं तरी. ती खुर्ची पायांसाठी नसते, वाट दाखवणाऱ्या माणसासाठी असते.

---

अबोली
मंगळवार, संध्याकाळी ७:२०

सोलकढी +१००. शेवटचं वाक्य छापून सगळ्या ट्रॅव्हल एजंटांच्या भिंतीवर लावा.

---

काणकोणकार
मंगळवार, रात्री ८:०५

तिकिटावर ‘जीओएक्स’ आहे की ‘जीओआय’ ते पुन्हा बघा. पहिला मोपा, दुसरा दाबोळी. माझा चुलतभाऊ गेल्या वर्षी सवयीने दाबोळीला गेला, गेटवरच्या जवानाने तिकीट बघून कपाळाला हात लावला. दोन्हींत साठेक किलोमीटर. रात्रीची वेळ म्हणून तास-सव्वातासात पोचला, नाहीतर गेलाच होता.

---

वाळवंटीकाठचा
मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. मघाशी एजंटाला फोन करून तिकीट बदलून घेतलं. थांबा आता चार तासांचा, एकच पीएनआर, व्हीलचेअर, जीओएक्स. एकूण सोळा तास, घर ते घर बावीसच्या आसपास.

गोळीचं काय करू? रोज सकाळी सात म्हणजे नेमकी कुठली सात?

---

अबोली
मंगळवार, रात्री ९:४८

डॉक्टरांना विचारा, हे पहिलं. आमच्या डॉक्टरांनी प्रवासाच्या दिवशी घड्याळ न बघता चोवीस तास मोजायला सांगितलं होतं आणि पोचल्यावर दोन-तीन दिवसांत हळूहळू वेळ सरकवायला. पण गोळीगोळीत फरक असतो. गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवायच्या, प्रिस्क्रिप्शन बरोबर. आणि दर दीड-दोन तासांनी उठून विमानात चार पावलं चालायचं.

---

तेरेखोलपलीकडे
मंगळवार, रात्री १०:१०

बाळंतपणाला आई चालली आहे म्हणजे डिंकाचे लाडू आलेच. सामानाचं कुणी बोललं नाही अजून.

---

सोलकढी
मंगळवार, रात्री १०:३५

बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, खवा, पनीर घरीच ठेवा, तूपही नको. सोलं, मसाले, खाजें बिनधास्त. ताज्या फळांना कागदपत्रं लागतात, पण अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांना सूट आहे. नारळाला सूट आहे हे वाचून मी पहिल्या वर्षी रडले होते.

सुकं खोबरं मात्र नको. त्यात तेल भरपूर, पेट घेतं, म्हणून आपल्याच विमानतळावर काढून ठेवायला लावतात.

---

खडूस_मामा
मंगळवार, रात्री १०:५०

ड्युरियनला सूट आणि पेढ्याला बंदी. युरोपियनांचं नाक तपासून घ्यायला हवं.

---

वाळवंटीकाठचा
गुरुवार, सकाळी ११:०५

धागा वर काढतोय. आई काल पोचली.

मोपाहून विमान वीस मिनिटं उशिरा सुटलं, दोह्याला वेळेवर टेकलं. तारवटी म्हणाले तसंच. व्हीलचेअरवाला मुलगा नेपाळचा निघाला, आईशी हिंदीत बोलला, चहा पाजून गेटवर बसवून गेला. दुसऱ्या टप्प्यात समोरच्या पडद्यावर नकाशा होता. आई म्हणते, विमान आधी खाली सौदीकडे गेलं, मग इजिप्त, मग समुद्र. म्हणजे ध्रुवतारा सरांचा दोरा नाही, भिंतीवरची रेघ! हवेत आठ तास दहा मिनिटं, इमिग्रेशनला पन्नास मिनिटं. साखळीच्या घराला कुलूप लावल्यापासून बहिणीच्या दारात पोचेपर्यंत २२ तास २५ मिनिटं. मी वहीत लिहून ठेवलंय.

आईने हातातलं घड्याळ बदललेलं नाही. बहिणीने दोनदा सांगून पाहिलं. म्हणाली, "असूं दी, त्यात साखळीची वेळ आहे. तुमची वेळ भिंतीवर आहे की." गोळी तिथल्या रात्री अडीचला उठून घेते. डॉक्टरांनी शनिवारपर्यंत सरकवायला सांगितलंय.

---

ध्रुवतारा
गुरुवार, सकाळी ११:४०

इजिप्तवरून! ३१ वर्षांच्या नोकरीवर पाणी.

---

सोलकढी
गुरुवार, दुपारी ३:१५

छान झालं. नारळ पोचले का?

---

वाळवंटीकाठचा
गुरुवार, दुपारी ३:५०

दोन पोचले, एकालाही चीर नाही. फोडलेसुद्धा. पण बहिणीकडे खवणी नाही, त्यामुळे आई कालपासून चमच्याने खरवडते आहे आणि मला फोन करून ऐकवते आहे. लिस्बनमध्ये खवणी कुठे मिळेल?

---

सोलकढी
गुरुवार, संध्याकाळी ७:०५

मार्तीम मोनीझला मेट्रोने उतरा, बाहेर बांगलादेशी आणि भारतीय दुकानांची रांग आहे. तिथे नाही मिळाली तर माझी घेऊन जा. डिचोलीच्या बाजारातली आहे, चार किलोची, आणताना सामानाचे जादा पैसे भरले होते.